साडेएकोणीस

गड्ड्याच्या जत्रेहून परतलो त्या रात्री,
थंडीत डोकं जागेवर असताना,
चादरीच्या पावतीमागं लिहिलं:
फाल्गुनात माग वीस दिवस चालला नाही
तर पाडव्याला भंगारात.
मी काहीही बोललो तरी ऐकायचं नाही.
खाली सही, राजनरसू मल्लय्या येमूल.
नागमणीनं कागद विड्यांच्या सुपाखाली सरकवला.
वाचलाही नाही.

पाडव्याला मोजले. साडेएकोणीस.

आता अर्धा दिवस म्हणजे काय?
अर्धा दिवस लाइट गेली होती,
तो कुणाच्या खात्यात?
शिवाय गुलबर्ग्याचा व्यापारी शंभर चादरी बघतो म्हणालाय,
कागदावरच्या माणसाला हे कुठं ठाऊक होतं?

नागमणी कात्रीनं पान कापत होती.
म्हणाली, त्याला ऑर्डर माहीत नव्हती,
पण तुम्ही माहीत होता की.

सतरा वर्षं दिली गं या मागाला.
ती काट्यावर चढत नाहीत, म्हणाली,
आणि पुढचं पान घेतलं.

आमच्या भद्रावती पेठेत पाचव्या दिवशी पाणी येतं.
पहिल्या दिवशी आम्ही सावकार,
उंबरा धुतो, तुळशीला दोन तांबे,
चौथ्या दिवशी आम्हीच
त्या सावकारांचे कफल्लक वारस.
म्हणून एक कळशी ती बाजूला ठेवते,
झाकण चादरीच्या दशांनी बांधून.
रोज नव्यानं विचार केला
तर रोज सोडायला कारण सापडतं.
तहान लागली की बुद्धीला वकिली सुचते.

एकदाच तिनं ती दुसऱ्या दिवशी सोडली,
समोरच्या सरसूबाईच्या पोराला ताप चढला तेव्हा.
कुणाला विचारलं नाही.
गाठ सुटायला क्षणही लागला नाही.
म्हणजे गाठीच्या आतही एक गाठ असते.
कुठली, ते ती सांगत नाही.

मी तरणा होतो तेव्हा जेकार्डचे पत्ते कापायचो.
पुठ्ठ्याला भोक पाडलं की पाडलं.
महिन्यांनी कुणी दुसराच माग चालवतो,
आणि धागा वर उचलला जातो
कधीच्या कुठल्या दुपारी
मी ठरवलं होतं म्हणून.
एकदा मोराचा डोळा एका भोकानं हुकला.
चारशे चादरी आंधळा मोर घेऊन
कुणाकुणाच्या अंगावर पसरल्या.
माग विचार करत नाही म्हणून चुकत नाही,
असं उस्ताद सांगायचे.
मला वाटतं, तो चूक करत नाही,
चूक पाळतो.

तर मग शहाणा कोण?
पौषातला मी, ज्याला कमी माहीत होतं
आणि काहीच नको होतं?
की चैत्रातला, घामेजलेला,
ज्याला सगळं माहीत आहे
आणि माग हवा आहे?
दोघं एका खोलीत कधी बसत नाहीत.
मध्ये नागमणी बसते,
मांडीवर सूप घेऊन,
हजार विड्या संध्याकाळपर्यंत.

मकबूल काटा घेऊन आला.
लोखंडावर बोटानं टिचकी मारली,
किलोचा भाव सांगितला, पाणी मागितलं.
मी गप्प. काहीही बोललो तरी ऐकायचं नाही,
हे माझंच वाक्य.

तेवढ्यात ती उठली, हात झटकले,
बीमवरून तळवा फिरवला.
चौदा चादरींचा ताणा आहे अजून.
तोडून देणार का?
कागदात बीमचं कुठं लिहिलंय?
मकबूलला म्हणाली, ताणा संपला की या.
तारीख विचारली त्यानं. तिनं बोटांवर मोजून दिली.
कागद मात्र परत सुपाखाली.

हे शहाणपण की पळवाट, मला कळलेलं नाही.
आज आठवी चादर उतरली.
पत्त्यांची साखळी गोल असते,
शेवटच्या पत्त्यानंतर पुन्हा पहिला येतो,
मोर पुन्हा पायापासून सुरू होतो,
बघत राहिलं तर वाटतं, हे असंच चालायचं.
म्हणून मी हल्ली मोराकडं बघत नाही.
बीमकडं बघतो.